विनाचालक गाड्या येणार म्हणून इंदूरच्या आराखड्यात आत्ता काय लिहून घ्यावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: इंदूरच्या नव्या विकास आराखड्यावर वसाहतीच्या रहिवासी संघातर्फे सूचना द्यायच्या आहेत. आराखडा पंधरा-वीस वर्षांचा असतो आणि तेवढ्या काळात विनाचालक गाड्या आल्या तर शहराची तयारी हवी. मग त्यांच्यासाठी वेगळी लेन राखावी का, इमारतींना घातलेली पार्किंगची अट कमी करावी का, आणि बीआरटीएस, म्हणजे बससाठी राखीव मार्ग, काढल्यावर एबी (आग्रा-मुंबई) रोडवर मोकळी होणारी जागा या गाड्यांना द्यावी का?

तिन्हींची उत्तरं आधी देतो. वेगळी लेन मागू नका. पार्किंगची अट आज सरसकट कमी करायला सांगू नका, पण जे पार्किंग बांधलं जाईल ते उद्या दुसऱ्या कामाला लावता येईल अशी अट जरूर मागा. एबी रोडची जागा बसला आणि पायी चालणाऱ्यांना राहू द्या. चौथी गोष्ट प्रश्नात नाही, पण माझ्या मते सगळ्यात जास्त जोर तिच्यावर द्यायला हवा. ती म्हणजे कर्ब: फुटपाथ आणि रस्ता जिथे भेटतात ती कड. विनाचालक गाडी शहराकडे सगळ्यात जास्त मागणार आहे ती ही कड.

का, ते समजायला परदेशातली उदाहरणं नंतर बघू. पगारी ड्रायव्हर असलेली गाडी मालकाच्या दृष्टीनं आजही विनाचालकच असते. छप्पन दुकान या खाऊच्या बाजाराला घरच्यांना सोडते, उभं राहायला जागा नसते म्हणून पलासियापर्यंत रिकामी फेरी मारते, फोन आला की परत येते आणि दुसऱ्या रांगेत उभी राहून मागचा रस्ता अडवते. शाळा सुटायच्या वेळी, लग्नाच्या गार्डनबाहेर, दवाखान्याच्या दारात हेच चालतं. आज ही चैन थोड्याच घरांना परवडते, म्हणून शहर ती सहन करतं. ड्रायव्हरचा पगार वजा झाला की हेच वागणं प्रत्येक गाडीचं होईल.

सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात नेमका हाच प्रयोग झाला आहे. १३ जणांना काही दिवस फुकट ड्रायव्हर दिला आणि गाडी किती पळते ते मोजलं. किलोमीटर ८३ टक्क्यांनी वाढले, आणि त्यातल्या बऱ्याच फेऱ्यांत मालक गाडीत नव्हताच. नमुना लहान आहे, त्यामुळे आकडा जसाच्या तसा इंदूरला लावू नका. दिशा मात्र शंकेला जागा ठेवत नाही.

आता रिकाम्या फेऱ्यांचं गणित बघा. विजेवरची गाडी ताशी १० किलोमीटरनं रेंगाळते, किलोमीटरला ०.१५ युनिट खाते आणि युनिट ८ रुपयांना पडतं असं धरा. तासाचा खर्च १२ रुपये. पार्किंगचा दर तासाला २० रुपये असेल तर मालकाला गाडी फिरवत ठेवणं स्वस्त पडतं. त्यातही गाडी जितकी हळू चालेल तितका खर्च कमी, म्हणजे गर्दीतून रांगत राहण्यातच तिचा फायदा. नुसतं पार्किंग महाग केलं तर या गाड्या रस्त्यावर येतील. म्हणून कर्बचं शुल्क आणि रिकाम्या किलोमीटरचं शुल्क ही जोडी आहे, दोन्ही एकदमच लागू व्हायला हवीत.

आंतरराष्ट्रीय परिवहन मंचानं २०१५ मध्ये लिस्बन शहरावर मांडलेला हिशेबही याच अंगानं वाचावा. सगळ्या गाड्या स्वयंचलित, प्रवासी एकत्र बसून जाणारे आणि मेट्रो चालू अशी स्थिती धरली, तर दहापैकी नऊ गाड्यांची गरजच उरत नाही आणि एकूण किलोमीटर सुमारे ६ टक्क्यांनी वाढतात. त्याच गाड्या, पण एकेकटे प्रवासी आणि मेट्रो नाही, असं धरलं तर किलोमीटर जवळजवळ ९० टक्क्यांनी वाढतात. दोन्हीकडे तंत्रज्ञान सारखंच आहे. फरक पडतो तो लोक एकत्र बसतात का आणि सार्वजनिक वाहतूक जिवंत आहे का, यानं.

आता कर्बकडे. सराफा बघा. दिवसा सोन्या-चांदीची दुकानं, आणि रात्री त्यांची शटरं पडली की त्याच ओट्यांपुढे भुट्ट्याचा कीस आणि गराडू. जागा एकच, घड्याळाप्रमाणे काम बदलतं. कर्बचं धोरण म्हणजे हेच, फक्त लिहून काढलेलं आणि पाटीवर लावलेलं. सकाळी ६ ते ९ माल उतरवणं, ९ ते रात्री ९ फक्त प्रवाशांची चढ-उतार, त्यानंतर रहिवाशांचं पार्किंग. दुकानांच्या रस्त्यावर अशी तीन पाळ्यांची पाटी पुरते. चार पाळ्या केल्या की ती कोणी वाचत नाही.

किती कर्ब लागेल हे काढायला एक सोपं सूत्र आहे: येणाऱ्या गाड्या गुणिले प्रत्येकीचा थांबण्याचा वेळ, भागिले एकूण कालावधी. एखाद्या शाळेतून २० मिनिटांत ३०० गाड्या मुलं घेऊन जातात आणि प्रत्येक गाडी सरासरी २ मिनिटं उभी राहते असं समजा. एका वेळी ३० गाड्या कडेला असतील. रस्त्याला समांतर आत घुसून परत निघता यावं म्हणून एका गाडीला ७ मीटर द्यावे लागतात, म्हणजे २१० मीटर कड हवी. शाळेची समोरची बाजू ६० मीटर असेल तर जेमतेम आठ गाड्या मावतात, उरलेल्या २२ रस्त्यात. उपाय दोनच आहेत. शाळा तीन तुकड्यांत सोडून गर्दी तासाभरावर पसरवली तर एका वेळी १० गाड्या येतात. शिवाय मुलं आधीच फाटकाशी क्रमानं उभी करून थांबण्याचा वेळ १ मिनिटावर आणला तर ५. हे आकडे सरासरीचे आहेत, प्रत्यक्षात गाड्या घोळक्यानं येतात, म्हणून वर एक चतुर्थांश जागा जास्त धरावी. विनाचालक गाडीत हा वेळ वाढण्याचीच भीती जास्त. ड्रायव्हरला हवालदार दरडावून पुढे घालवतो. यंत्र मूल येईपर्यंत हलणार नाही, कारण त्याला तसंच सांगितलेलं असेल.

चढ-उताराचा खण, म्हणजे गाडी थांबायला कडेला आखलेली जागा, २.५ मीटर रुंद ठेवा आणि तो गाड्यांच्या पार्किंगमधून काढा, फुटपाथ कापून कधीही नाही. फुटपाथची मोकळी रुंदी निदान १.८ मीटर आणि उंची जास्तीत जास्त १५० मिलिमीटर हे इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी १०३ मध्येच सांगितलेलं आहे. दर तीन-चार खणांमागे चाकाची खुर्ची उतरेल असा १२ ला १ चा उतार हवा. खण चौकाच्या तोंडापासून निदान ३० मीटर लांब असावा, नाहीतर थांबलेल्या गाड्यांची शेपटी सिग्नलपर्यंत पोचते.

राजवाडा, खजुरी बाजार, शीतलामाता बाजार या भागात मी एकही खण देणार नाही. थांबे बाहेरच्या कडेला, जवाहर मार्ग, नंदलालपुरा, एमजी रोड या बाजूंनी, आणि आत चालत किंवा ई-रिक्षानं. नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी १९१८ मध्ये होळकर दरबाराला दिलेल्या अहवालात जुनी वस्ती फोडून सरळ रुंद रस्ते काढण्याऐवजी नेमकी गरज तेवढीच जागा मोकळी करण्याचा आग्रह धरला होता. गाडी कोणीही चालवो, त्या गल्ल्यांसाठी तो सल्ला आजही बरोबर आहे.

पार्किंगच्या अटीबद्दल. ती आज कमी केली तर बांधकाम करणारे जागा वाचवतील आणि गाड्या गल्लीत येतील, कारण विनाचालक गाड्या अजून आलेल्या नाहीत आणि लोकांकडे आजच्या गाड्या आहेत. उलट आजच्या अटीप्रमाणे बांधलेलं तळघर पन्नास वर्षं हलत नाही. दिल्लीच्या मास्टर प्लॅनमध्ये एका गाडीमागे तळघरात ३२ चौरस मीटर, तळमजल्यावर २८ आणि उघड्यावर २३ धरतात. म्हणजे १०० गाड्यांच्या तळघराला ३,२०० चौरस मीटर, आणि तेही खोदून, पाणी अडवून, खेळती हवा आणि आग विझवण्याची सोय करून. त्यामुळे सूचना अशी करा की ठरावीक संख्येपुढचं पार्किंग तळघरात न घालता जमिनीवरच्या मजल्यांवर घ्यावं आणि ते मजले बदलता येतील असे बांधावेत.

'बदलता येतील' हे शब्द नुसते लिहून काही होत नाही, त्याला मापं द्यावी लागतात. पहिलं, मजले सपाट हवेत. अख्खा मजलाच उताराचा केला तर त्यात पुढे ना कार्यालय होतं ना घर. चढायचा रॅम्प एका बाजूला, नंतर पाडता येईल असा वेगळा. दुसरं, उंची. निव्वळ गाड्यांसाठी २.४ मीटर मोकळी उंची चालते, पण माणसं बसवायची तर छत, तुळया, वायरिंग धरून मजल्यापासून मजल्यापर्यंत ३.६ मीटर हवेत. तिसरं सगळ्यात जास्त विसरलं जातं: भार. आयएस ८७५ या इमारतींवरच्या भारांच्या भारतीय मानकाच्या भाग २ प्रमाणे मोटारींच्या पार्किंगचा मजला दर चौरस मीटरला २.५ किलोन्यूटनवर डिझाइन होतो, दुकानांसाठी मात्र ४ लागतात. आज २.५ वर बांधलं की पुढे तिथे दुकान काढता येत नाही आणि नंतर मजबुतीकरण करायचं तर मोठा खर्च. सुरुवातीलाच ४ धरलं तर वाढतं ते थोडं लोखंड आणि काँक्रीट. चौथं, सांडपाण्याच्या नळांसाठी उभी पोकळी आधीच सोडून ठेवायची.

एबी रोडचा प्रश्न भावनेचा झाला आहे, म्हणून आकड्यांनीच बोलावं. निरंजनपूर ते राजीव गांधी चौराहा हा सुमारे साडेअकरा किलोमीटरचा बीआरटीएस २०१३ मध्ये सुरू झाला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयानं तो हटवायला वाट मोकळी केली. बसच्या दोन पट्ट्या साडेतीन-साडेतीन मीटरच्या धरल्या तर ८० हजार चौरस मीटर जागा होते, शहराच्या मधोमध. खाजगी गाड्यांची एक लेन तासाला फार तर दीड हजार माणसं नेते. बसच्या राखीव लेनमधून चार ते आठ हजार जातात. गाडी स्वतः चालू लागल्यानं तिच्यात बसणाऱ्यांची संख्या वाढत नाही. रेलिंग काढली तरी गर्दीच्या वेळेपुरती बसची पट्टी रंगानं राखता येते, आणि उद्या बस स्वयंचलित झाली तरी तीच पट्टी उपयोगी पडते. विनाचालक मोटारींना वेगळी लेन दिली तर त्या कमी असेपर्यंत ती रिकामी दिसेल, दुचाकीवाले तीत घुसतील आणि दोन वर्षांत ती इतरांसारखीच होईल.

रस्त्यांच्या तयारीबद्दल फार लिहीत नाही, कारण यातलं बहुतेक आजच्याच नियमांत आहे, फक्त पाळलं जात नाही. गाडीच्या कॅमेऱ्याला लेनच्या रेषा दिसाव्यात म्हणून युरोपीय रस्ते महासंघाची शिफारस आहे: रेषा १५० मिलिमीटर रुंद, आणि रात्री दिव्यांचा प्रकाश परत फेकण्याची क्षमता कोरड्या रस्त्यावर १५०, ओल्यावर ३५ मिलिकँडेला. आपल्याकडे थर्मोप्लास्टिकची रेषा २.५ मिलिमीटर जाड आणि वर काचेचे मणी असं मानक आहे. मणी कमी टाकले तर रेषा दिवसा पांढरीशुभ्र दिसते आणि पावसाळी रात्री गायब होते. स्कूटरवरून जाणाऱ्यालाही ती तेव्हा दिसत नाही. म्हणून ठेक्यात 'रंग दिला' एवढ्यावर बिल न काढता सहा महिन्यांनी यंत्रानं मोजून उरलेले पैसे द्यावेत. गतिरोधकाचंही तसंच. आयआरसी ९९ प्रमाणे तो ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच हवा. वसाहतींतले अर्धा मीटर रुंदीचे, बिनरंगाचे डांबरी उंचवटे माणसाच्या मणक्याला आणि गाडीच्या सेन्सरला सारखेच घातक.

सिग्नलवर बसवायची, गाड्यांना रेडिओवरून संदेश देणारी महागडी 'बोलकी' यंत्रं मात्र घाईनं घेऊ नका. अमेरिकेत अनेक शहरांनी डीएसआरसी नावाच्या रेडिओ पद्धतीची यंत्रं चौकाचौकांत बसवली. नोव्हेंबर २०२० मध्ये तिथल्या दूरसंचार आयोगानं त्या लहरींचा मोठा हिस्सा वायफायला दिला आणि उरलेल्यासाठी दुसरी पद्धत ठरवली, त्यामुळे ती यंत्रं बाद झाली. आराखड्यात जमिनीखालचं रिकामं डक्ट (केबल टाकायची नळी), खांबाशी वीज आणि चौकात कपाटापुरती जागा एवढंच मागावं. डब्बा दहा वर्षांत बदलतो, डक्ट टिकतं. विजेला पर्यायही हवा: डिसेंबर २०२५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत मोठ्या भागाची वीज गेली, सिग्नल बंद पडले आणि वेमो कंपनीच्या विनाचालक टॅक्स्या चौकांतच उभ्या राहिल्या.

एक मागणी पुढे नक्की येईल, तिच्याबाबत आत्ताच सावध असावं. विनाचालक गाडी समोर माणूस आला की थांबते, म्हणून लोक बिनधास्त रस्ता ओलांडतील. मग गाड्यांचा वेग पडतो म्हणून फुटपाथला रेलिंग लावा, ओलांडण्याच्या जागा कमी करा, असं सांगितलं जाईल. अमेरिकेत १९२० च्या दशकात मोटार उद्योगानं पायी चालणाऱ्यांना गुन्हेगार ठरवून रस्ते रिकामे करून घेतले, त्याचे परिणाम ती शहरं अजून भोगत आहेत. आपल्याकडे बहुतेकांचं रोजचं जगणं पायी, सायकलवर आणि दुचाकीवर आहे. आराखड्यात स्पष्ट लिहून घ्या की वाहनाच्या तंत्रासाठी पायी ओलांडण्याची जागा कमी करता येणार नाही.

चाचणी कुठे करावी? आधी बंद आवारात. पीथमपूरचं नॅट्रॅक्स हे वाहन चाचणी केंद्र जवळच आहे, तिथला ११.३ किलोमीटरचा वेगवान ट्रॅक २०२१ मध्ये सुरू झाला. भोपाळची स्वायत्त रोबोट्स ही कंपनी आपल्याकडच्या विस्कळित वाहतुकीत गाडी चालवण्यावर काम करते आहे. रस्त्यावर यायचंच तर सुपर कॉरिडॉरवर मेट्रो स्थानक ते टीसीएस-इन्फोसिसची आवारं अशी ठरलेल्या मार्गाची, ताशी २० ते २५ किलोमीटरची छोटी बस, आणि आत माणूस. कायद्यानं आज विनाचालक गाडी सर्रास चालवता येत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये आलेल्या कलम २ब खाली केंद्र सरकार संशोधनासाठी सूट देऊ शकतं, तेवढीच वाट. नितीन गडकरी यांनी २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये चालकांच्या रोजगारासाठी अशा गाड्यांना विरोध जाहीर केला आहे. ती काळजी खरी आहे. रिक्षा आणि ई-रिक्षावाल्यांचे थांबे खणांच्या नकाशात पहिल्यापासून पक्के हवेत, उरलेल्या जागेत कोंबलेले नकोत.

परवानगीच्या अटींत तीन गोष्टी असल्याशिवाय पुढे जाऊ नये. गाडी अडली तर किती मिनिटांत ती हाताने हलवली जाईल. अग्निशमन आणि १०८ च्या माणसाला ती कशी बंद करता येईल. आणि कोणत्या दिवशी ती बाहेरच पडणार नाही. रंगपंचमीच्या गेरीला, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीला, राजवाड्याकडे आणि अनंत चतुर्दशीच्या झाँकींच्या (चित्ररथांच्या) रात्री मिरवणूक मार्गावर ती दिसताच कामा नये. त्यासाठी रस्ते बंद असल्याची सूचना वर्तमानपत्रातल्या निवेदनाबरोबरच संगणकाला वाचता येईल अशा स्वरूपात नगर निगमनं काढायला हवी. सॅन फ्रान्सिस्कोत २ ऑक्टोबर २०२३ रोजी क्रूझ कंपनीच्या विनाचालक गाडीनं, दुसऱ्या वाहनाच्या धडकेनं पुढ्यात पडलेल्या बाईला खाली असतानाच सुमारे ६ मीटर फरफटत नेलं. धडकेनंतर गाडी 'सुरक्षित कडेला' जाऊ पाहत होती. तीन आठवड्यांत परवाना स्थगित झाला. 'अपघातानंतर जागच्या जागी थांबायचं की बाजूला व्हायचं' हे कंपनीनं आधी लिहून द्यायला हवं, ते यामुळे.

नकाशाचा हक्कही सोडू नका. या गाड्यांना काही सेंटिमीटर अचूकतेचा नकाशा लागतो. फेब्रुवारी २०२१ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार १ मीटरपेक्षा बारीक आडव्या अचूकतेची माहिती भारतीय संस्थांनीच गोळा करायची आहे. कर्ब, खण, पाट्या, मॅनहोल यांची नोंद नगर निगमच्या मालकीची असेल तर शुल्क आणि वेळा शहर ठरवेल. ती कंपनीकडे राहिली तर शहराला स्वतःच्याच रस्त्याची माहिती विकत घ्यावी लागेल.

सूचना देताना योग्य दार ठोठावा. १९७३ च्या नगर तथा ग्राम निवेश अधिनियमाच्या कलम १८ खाली मसुदा प्रसिद्ध झाल्यावर हरकतींना निदान ३० दिवस मिळतात. बदलता येणारं पार्किंग, डक्ट, फुटपाथची रुंदी इथे मागा. चढ-उताराचे खण आणि त्यांचं शुल्क नगर निगमकडे. रिकाम्या किलोमीटरचं शुल्क आणि टॅक्सी कंपन्यांच्या अटी राज्य सरकारकडे, मोटार वाहन कायद्याच्या कलम ७४ आणि ९३ खाली. विषय मिसळून एकच अर्ज दिला तर प्रत्येक कचेरी 'आमच्या कक्षेत नाही' म्हणून तो परत करते.

अर्जासोबत स्वतः केलेली मोजणी जोडा, तिचं वजन पडतं. मंगळवार किंवा बुधवार घ्या, सणाचा आठवडा टाळा. वसाहतीजवळची एक शाळा आणि एक बाजाररस्ता निवडा. दोन माणसं, एक आल्याची वेळ लिहिणारा, एक गेल्याची, नंबरचे शेवटचे चार आकडे पुरतात. पुढचा रकाना 'कडेला की दुसऱ्या रांगेत' हा. त्यानंतरचा 'चालक गाडीतच बसून वाट बघत होता का' हा, आणि तो अजिबात गाळू नका. आज चालकासकट ताटकळणाऱ्या त्या गाड्या किती आणि सरासरी किती मिनिटं, एवढं कळलं की वरच्या सूत्रात घालून त्या रस्त्याला लागणारे खण काढता येतात.